पाणी बदललं त्याच दिवशी मासे का मेले: पुण्यातल्या एका दोन फुटी टँकची पूर्ण केस

"पाणी बदललं आणि मासे मेले" हे वाक्य दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून ऐकू येतंच, आणि दरवेळी दोष नव्या पाण्याला जातो. टँकरचं पाणी घाण होतं, बोअरचं पाणी जड होतं, नाहीतर सरळ "माशांना पाणी बदललेलं सोसत नाही" असं ठरतं, मग पुढच्या वेळी पाणी बदलायचंच लांबवतात आणि पुन्हा तेच होतं. म्हणून एका घरातली केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितोय. या केसमध्ये जुनं पाणी आणि नवं पाणी दोन्ही तपासायला मिळालं, जे सहसा मिळत नाही कारण जुनं पाणी तोपर्यंत मोरीत गेलेलं असतं आणि मग नुसते अंदाज बांधायचे.

पुण्याच्या कडेची एक सोसायटी. वर्षभर महापालिकेचं पाणी, पण एप्रिल-मे मध्ये ते पुरत नाही मग टँकर चालू. घरात आई-बाबा, अकरा वर्षांचा मुलगा आणि आजी. टँक दोन फुटी, म्हणजे २४ बाय १२ बाय १५ इंच, खाली खडी आणि वर थोडी जागा सोडली तर पाणी साधारण ६० लिटर. त्यात दोन ओरांडा आणि एक ब्लॅक मूर (दोन्ही गोल्डफिशच्याच जाती), एक साधा केशरी गोल्डफिश आणि "काच साफ करतो" म्हणून दिलेला एक सकर. ६० लिटरला हे खूप जास्त आहे हे आधीच सांगून टाकतो, पण तेवढ्यानेच मासे मेले असं म्हणून विषय संपत नाही, कारण हाच टँक दीड वर्ष चालला होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी बाबांनी टँक साफ केला. निम्मं पाणी काढलं, टॉप फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा होईपर्यंत धुतला, खडी हलवली, मग सोसायटीच्या टाकीतलं पाणी अँटीक्लोरीनचे थेंब टाकून भरलं. दुपारी जेवणं होईपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, एक ओरांडा मध्येच झटका आल्यासारखा काचेवर आपटायचा आणि मग आडवा व्हायचा. चारच्या सुमारास तो गेला, पाठोपाठ दुसरा. मुलाच्या आईचा, ताईंचा फोन आला तो तेव्हाच, "दादा, टँकरच्या पाण्यात काहीतरी होतं, सगळे मरतायत." मी टेस्ट किट आणि एअर पंप घेऊन गेलो.

पहिलं काम एअर स्टोन सोडणं, कारण कारण काहीही असो, श्वासासाठी धडपडणाऱ्या माशाला हवा लागतेच. पाणी २९ अंशाच्या आसपास होतं. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, ३० अंशाला पाणी पूर्ण भरलेलं असलं तरी लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच, आणि गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, त्याला १८ ते २४ अंश मानवतात. पण सगळा खेळ ऑक्सिजनचा असता तर हवा सोडल्यावर अर्ध्या तासात फरक दिसायला हवा होता. थोडा दिसला, पुरेसा नाही.

मग पाणी. आणि इथे आजींनी केस सोडवली असंच म्हणेन, कारण त्या टँकचं काढलेलं पाणी कधीच फेकू देत नाहीत, कुंड्यांना आणि तुळशीला घालतात, त्यामुळे सकाळचं जुनं पाणी बाल्कनीत दोन बादल्या भरून तसंच होतं. म्हणजे हातात तीन नमुने आले, बादलीतलं जुनं पाणी, सोसायटीच्या टाकीचं नवं पाणी आणि टँकमधलं आत्ताचं मिसळलेलं.

संशय टँकरवर होता म्हणून आधी नवं पाणी घेतलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ६०० च्या पुढे, म्हणजे जड पाणी, दख्खनच्या काळ्या दगडातल्या बोअरचं असतं तसं. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कलाइन हे सांगणारा आकडा (७ मध्यावर, खाली आम्लधर्मी), ८ च्या थोडं वर. केएच मोजला, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, त्यात थेंब मोजायचे असतात आणि एक थेंब म्हणजे एक डिग्री, तर १४ थेंब लागले. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया शून्य, त्याचंच पुढचं रूप असलेलं नायट्राइट शून्य. क्लोरीनसाठी सोसायटीच्या स्विमिंग पूलवाल्यांकडून ओटी टेस्टचं औषध आणलं, पिवळा रंग अजिबात आला नाही. थोडक्यात, गोल्डफिशसाठी हे पाणी चांगलं होतं! गोल्डफिशला जड, थोडं अल्कलाइन पाणी आवडतंच. बाबांचा विश्वासच बसेना, पण आकडे समोर होते.

मग बादलीतलं जुनं पाणी. दिसायला एकदम काचेसारखं, ताई म्हणाल्यासुद्धा की "हे तर किती स्वच्छ होतं, उगाच बदललं." पीएचची टेस्ट थेट पिवळी आली, त्या किटमध्ये सगळ्यात खालचा रंग ६.० चा असतो, म्हणजे ६ किंवा त्याहूनही कमी. केएचला पहिल्याच थेंबाला रंग पालटला, म्हणजे साठा जवळपास संपलेला. नायट्रेट ४० च्या आसपास. आणि अमोनियाची टेस्ट किटच्या शेवटच्या, ८ च्या रंगापेक्षाही गडद, म्हणून एक भाग टँकचं पाणी आणि तीन भाग आरओचं पाणी असं करून परत मोजलं, ४ आलं, म्हणजे खरं मूळ पाण्यात १६ मिलिग्रॅमच्या आसपास. बाबांचा लगेच प्रश्न, आणि प्रश्न अगदी बरोबर होता: एवढा अमोनिया होता तर मासे काल रात्रीपर्यंत जिवंत कसे?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ही केस. किट जो अमोनिया दाखवतं तो एकूण असतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो, एक अमोनियम, जो माशाच्या कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो शिरतो आणि मारतो. कुठलं रूप किती, हे पीएच ठरवतो आणि थोडंफार तापमान. पीएच एक अंकाने वाढला की मोकळ्या अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो. २९ अंशाला पीएच ६ असेल तर एकूण अमोनियाच्या हजारात एकसुद्धा भाग विषारी नसतो, साधारण ०.०७५ टक्के. पीएच ८ ला तोच वाटा ७ टक्क्यांवर जातो. आता हिशोब बघा. जुन्या पाण्यात १६ मिलिग्रॅम एकूण, त्यातला विषारी फक्त ०.०१२. सकाळी निम्मं पाणी बदललं, एकूण अमोनिया निम्मा होऊन ८ वर आला (टँकमधल्या नमुन्यात तेवढाच मिळाला), पण नव्या पाण्याच्या कार्बोनेटने पीएच ८ वर नेला, आणि विषारी भाग झाला ०.५६. म्हणजे घाण निम्मी झाली आणि विष चाळीसपटीहून जास्त वाढलं, तेही काही तासांत. मोकळा अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेला की कल्ल्यांना इजा सुरू होते असं सर्वसाधारणपणे धरतात, इथे त्याच्या दहापटीवर होता.

मासा स्वतःचा अमोनिया बहुतेक कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो, रक्तात जास्त आणि पाण्यात कमी असेल तर तो आपोआप बाहेर जातो. बाहेरच जास्त झाला की जायला वाट राहत नाही, उलट आत यायला लागतो, रक्तात साचतो, मेंदूपर्यंत जातो, आणि मग ते झटके, ते काचेवर आपटणं. शिवाय कल्ले जळजळून त्यांच्यावर चिकट स्राव धरतो आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. मेलेल्या ओरांडाचा कल्ल्यावरचा पडदा उचलून बघितला तेव्हा आत बुळबुळीत थर होता आणि रंग गडद लाल. चॉकलेटी नव्हता. हे बघणं महत्त्वाचं होतं, कारण नायट्राइटची विषबाधा असेल तर रक्त चॉकलेटी पडतं आणि मग उपायाची दिशा बदलते.

आता टँक या अवस्थेला पोचलाच कसा. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात हे टँक ठेवणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. पण हे करताना ते पाण्यातला कार्बोनेट खातात हे फारसं कोणी सांगत नाही. अमोनियाच्या रूपातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन पचवायला सात मिलिग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी, म्हणजे तोच कार्बोनेटचा साठा, खर्च होते. पुण्याचं धरणाचं पाणी मऊ. त्यांच्या घरात महापालिकेचं पाणी येतं त्या वेळचा केएच नंतर मोजला तर ३ थेंब भरला, म्हणजे लिटरला पन्नासेक मिलिग्रॅम. ही बँकेतल्या छोट्या शिल्लकीसारखी गोष्ट, रोज थोडी काढली जाते आणि पाणी बदललं तरच परत भरते. शिल्लक संपली की पीएच घसरतो, ६.५ च्या खाली जिवाणूंचं काम मंदावतं, ६ च्या आसपास जवळपास थांबतं, आणि तिथून पुढे माशांनी टाकलेला सगळा अमोनिया नुसता साचत जातो. फक्त पीएच कमी असल्यामुळे तो विषारी रूपात नसतो, म्हणून मासे तग धरून राहतात.

विचारपूस केली तसं एकेक जुळत गेलं. शेवटचं नीट पाणी बदललं होतं डिसेंबरमध्ये. त्यानंतर पाणी आटेल तसं वरून भरत होते, आणि ते पण आरओचं, कारण "शुद्ध पाणी माशांना चांगलं." आरओच्या पाण्यात कार्बोनेट जवळजवळ नसतोच, म्हणजे आटलेलं पाणी भरत होतं पण शिल्लक भरत नव्हती, आणि वरून भरल्याने आतली घाण कमी होत नाही कारण वाफ होऊन फक्त पाणी जातं, बाकी सगळं तिथेच राहतं. मे लागला तशी सुट्टीला मामेभावंडं आली आणि माशांना दिवसातून तीन-चार वेळा खाणं पडायला लागलं. पोरांना काय बोलणार, मासे पोटभर खाताना बघायला कोणालाही आवडतं. पण टँकमधला सगळा अमोनिया शेवटी त्या डबीतल्या खाण्यातूनच येतो.

खुणा आधीपासून होत्या, फक्त त्यांचा अर्थ लागला नव्हता. आजींनी सांगितलं की टँकमध्ये बारक्या गोगलगायी खूप झाल्या होत्या, त्या गेल्या दोन महिन्यांत आपोआप गेल्या, आणि सगळ्यांना बरंच वाटलं. खडीत हात घालून चार शंख काढले, पांढरे पडलेले, खरवडल्यासारखे, एकाला तर भोक. आम्लधर्मी आणि कार्बोनेट नसलेल्या पाण्यात शंख विरघळतात, गोगलगायी अशा गेल्या होत्या. दुसरी खूण जास्त मोठी. मार्चमध्ये एक नवा ब्लॅक मूर आणला होता, तो दुसऱ्या दिवशीच मेला आणि दुकानदाराने आजारी मासा दिला असं सगळ्यांनी धरलं. जुने मासे ठीक आणि नवा आणलेला लगेच मरतो, असं झालं की आधी आपलं पाणी तपासायचं. जुने मासे हळूहळू त्या पाण्याला सरावलेले असतात, नवा सरळ दुकानाच्या पाण्यातून पीएच ६ मध्ये येऊन पडतो. आणि तिसरी म्हणजे मासे "शांत झाले होते." तळाशी बसून राहायचे, पंख मिटलेले. शांत नव्हते हो, त्रासात होते.

उपाय. बाबांना भीती होती की अजून पाणी बदललं तर उरलेले पण जातील, शिवाय कोणीतरी पीएच उतरवायला लिंबू पिळायला सांगितलं होतं. लिंबू, व्हिनेगर हे अजिबात नाही, केएच असलेल्या पाण्यात पीएच थोडा वेळ उतरतो आणि परत वर येतो, आणि ते झोके माशाला आणखी मोडतात. विचार साधा ठेवला. पीएच आता ८ ला पोचलेलाच आहे, त्यामुळे त्याच नव्या पाण्याने आणखी बदल केला तर पीएच फारसा हलणार नाही आणि अमोनिया मात्र निम्मा होईल. जे पाणी सकाळी घातक ठरलं तेच संध्याकाळी औषध होतं. त्याच तापमानाचं पाणी अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाकून हळूहळू पाइपने सोडलं, निम्मं बदललं, एकूण अमोनिया ४ वर. रात्री पुन्हा, सकाळी पुन्हा. खाणं पूर्ण बंद, तीन दिवस. गोल्डफिश तीन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, हे आजींना पटवायला मात्र वेळ लागला.

दुकानातून निळं औषध, मिथिलीन ब्ल्यू, आणि अँटिबायोटिकची कॅप्सूल आणलेली होती, नशिबाने उघडली नव्हती. मिथिलीन ब्ल्यूचे उपयोग आहेत, पण अख्ख्या टँकमध्ये टाकलं तर फिल्टरचे उरलेसुरले जिवाणू पण जातात, आणि पाणी निळं झाल्यावर रंगावर वाचायची एकही टेस्ट धड वाचता आली नसती. मासे मरायला लागले की माणूस दुकानात औषध मागायला धावतो हे समजू शकतो, पण पाच मिनिटांची पाण्याची टेस्ट आधी व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण इथे आजार नव्हताच आणि औषधाने एक मासा जास्त वाचला नसता.

फिल्टरसाठी माझ्या जुन्या टँकमधल्या स्पंजचा एक तुकडा कापून त्यांच्या फिल्टरमध्ये ठेवला. माझ्या टँकमध्ये बऱ्याच काळात नवा मासा आलेला नव्हता म्हणून दिला, नाहीतर स्पंजबरोबर रोग पण जातो, तेव्हा कोणाकडून घेताना हे विचारूनच घ्या. जिवाणू नव्याने वाढताना मध्ये नायट्राइट वर जाणार हे माहीत होतं म्हणून लिटरला एक ग्रॅम खडेमीठ विरघळवून टाकलं, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. सकरला मीठ जास्त चालत नाही, तेवढं सोसतं.

चौथ्या दिवशी एकूण अमोनिया १ च्या खाली आला. त्याच सुमाराला केशरी गोल्डफिशच्या शेपटीवर आणि पंखांच्या कडांना काळे डाग आले, ताईंनी घाबरून फोटो पाठवला, कोणीतरी त्यांना "काळी बुरशी" असं सांगितलं होतं. ती बुरशी नाही. अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना गोल्डफिशला असे काळे डाग येतात, म्हणजे ही बरं होत असल्याची खूण असते, काही आठवड्यांत जातात. गेले पण. दुसऱ्या आठवड्यात नायट्राइट १ ते २ च्या मध्ये पोचलं, पाणी बदलत राहिलो, महिना भरता भरता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट २० च्या आसपास. ब्लॅक मूर, केशरी आणि सकर वाचले.

समजा रविवारी सकाळी साफसफाईच्या आधी कोणी पीएच मोजला असता आणि तो ६ दिसला असता तर काय करायचं होतं? तर निम्मं पाणी एकदम बदलायचं नाही. आधी खाणं बंद, मग रोज दहा टक्के पाणी, तेही बारीक धारेने, दहा-बारा दिवस. पीएच जसा हळूहळू चढतो तसा एकूण अमोनिया पण उतरत जातो आणि दोघांची गाठ धोक्याच्या जागी पडायची शक्यता कमी होते, तरी प्रत्येक बदलाला अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाकायचंच. आणि त्या काळात फिल्टर धुवायचा नाही. रोज अमोनिया आणि पीएच दोन्ही एकत्र बघायचे, एकटा अमोनियाचा आकडा काहीच सांगत नाही हे वरच्या हिशोबात दिसलंच. जवळ महापालिकेचं मऊ पाणी साठवलेलं असेल तर सुरुवात त्याने करणं अजून बरं, कारण त्याने पीएच एकदम उडी मारत नाही.

आता त्या घरात दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलतात. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबून परत लावायचा, नळाखाली नाही. आरओ बंद. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पिशवी ठेवली आहे, पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की तो चुरा थोडा थोडा विरघळतो आणि केएच टिकवतो, सध्या ५-६ थेंब असतो. पावसाळ्यात टँकर बंद होऊन परत मऊ पाणी सुरू झालं तेव्हा ताईंनी विचारलं की आता उलटं होणार का. पीएच खाली जाताना अमोनियाचं विष कमीच होतं, त्यामुळे तो धोका नाही. आठवड्याला पाव टँक या वेगाने मासे जुळवून घेतात, पण पावसाळ्यात पाणी गढूळ येतं म्हणून क्लोरीनचा डोस वाढवलेला असू शकतो, तेव्हा अँटीक्लोरीन विसरायचं नाही.

सकरचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. तो फूटभर आणि वर वाढतो, दोन फुटी टँकमध्ये ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. बाबा म्हणाले नदीत सोडून देऊ. ते चुकूनही नको, असे सोडलेले सकर उजनीच्या जाळ्यांत सापडतात आणि तिथल्या मच्छीमारांची डोकेदुखी झालेले आहेत. एका मोठ्या टँकवाल्याने तो घेतला. मुलाला परत ओरांडा हवाय. पाणी आता चांगलं आहे, पण ६० लिटरमध्ये ब्लॅक मूर आणि केशरी हे दोनच खूप झाले, त्यामुळे आधी तीन-साडेतीन फुटी टँक, तो महिनाभर जुन्या स्पंजवर चालवायचा, अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मग ओरांडा. त्याने वही केलीय, दर रविवारी पीएच, केएच आणि अमोनिया लिहितो, आणि टँकच्या किमती विचारायचं काम बाबांकडे आहे.